पाय वर, पाय खाली

"पडदा काय बघता मॅनेजरसाब? पाय बघा!" असं म्हणत चाचा मला अंधारात शेवटच्या रांगेमागे उभं करायचे.

लातूरच्या एका जुन्या टॉकीजचा मी मॅनेजर. ते दारावर तिकीट फाडणारे. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. भुताचा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला ते टॉर्च बंद करून लोकांच्या पायांकडे बघत राहत. माणूस खरंच भ्याला की चप्पल खाली सोडून पाय खुर्चीवर घेतो. "वरडतेत ते मजा करतेत. पाय लबाडी करत न्हाई," ते म्हणत.

म्हणून दुसऱ्या खेळाचे लोक तिकीट काढण्याआधी त्यांनाच विचारत. चाचा "पाय वर" म्हणाले की खिडकीवर झुंबड. "पाय खाली" म्हणाले की चाकूरहून जीप करून आलेली माणसंही चहा पिऊन परत जात. तुमच्याही गावच्या टॉकीजच्या दारात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल.

बाहुलीचा पहिला सिनेमा आला तेव्हा चाचा हसत बाहेर आले. "समदे पाय वर! एक पैलवान तर मांडी घालून बसलाय." त्यात बाहुली काहीच करत नव्हती. कोपऱ्यात बसून असायची, एवढंच.

मग दुसरा भाग आला. नांदेडहून वितरकाचा माणूस पहिल्याच दिवशी येऊन बसला. मी सकाळीच चाचांना बजावलं, "आज कुणी विचारलं तर चांगला म्हणा."

"वाईट म्हणणार न्हाई साब. पण बघितल्याबिगर चांगला कसा म्हणू?"

पहिला खेळ सुटला. बाहेर रांग होती. एका बाईंनी विचारलंच, "चाचा, कसाय ओ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाय खाली, बाई. लांब करून झोपलेत समदे. बाहुलीला लई कामाला लावलंय. पळायली, नाचायली. भूत हाय का रोजगार हमीवरची बाई?"

सगळी रांग हसली आणि मोडली. वितरकाचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "उद्यापासून येऊ नका!"

"उद्यापासून कशाला?" एवढंच म्हणाले. हातातले फाडलेल्या तिकिटांचे तुकडे माझ्या हातात ठेवले आणि गेले. आयुष्यभर दारावर उभा राहिलेला माणूस. मी त्याला एका वाक्यात घालवला.

चौथ्या दिवशी मी निलंग्याला गेलो, त्यांच्या मुलीच्या घरी. "चुकलं माझं चाचा, चला," म्हणालो.

त्यांनी विचारलं, "पिच्चर बघितला का तुमी?"

"नाही."

"न बघताच मला काढलं व्हय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाले, "जेवून जावा." भाकरी स्वतः वाढली. मी जेवलो आणि परत चला असं दुसऱ्यांदा न म्हणताच निघालो.

लातूरला येऊन मी दुपारच्या खेळाला बसलो. पाचच माणसं होती, त्यातली दोन मोबाइलवर. काय सांगू! बाहुलीच्या हातात सुरा दिलेला, आणि तिला उचलणारी तार स्पष्ट दिसत होती. भीती वाटेल असं वाटू लागलं की लगेच कुणीतरी बाहुलीचं बालपण सांगायला बसायचं. लाकडाच्या बाहुलीचं बालपण! घरातली माणसं इतकी मूर्ख की बाहुलीनं त्यांना लवकर उरकावं असं वाटत होतं. लोक कामधंदा सोडून, लेकरं घेऊन येतात, आणि त्यांच्यासमोर हे टाकायचं? शेवटी वर तिसऱ्या भागाची धमकी! आणि असल्या कचऱ्याची इभ्रत राखायला मी एका खऱ्या माणसाची भर रांगेत काढली होती.

मी तणतणत बाहेर आलो. बाहुलीच्या बालपणाचं कुणाला तरी सांगायचं होतं, कुणाबरोबर तरी पोटभर शिव्या घालायच्या होत्या. दाराला टेकून चाचांचं रिकामं स्टूल होतं. मी बराच वेळ त्याच्याजवळ उभा राहिलो.