लाल्या नव्हता तो

दुर्गाबाईचे गुडघे तीन वर्सांपासून कापूस वेचू देत नव्हते. वाकलं की उठवत नाही, उठलं की वाकवत नाही. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या त्या प्रयोगाच्या प्लॉटाची राखण मिळाली, ती तिनं दातानं धरून ठेवली. ढोरं हाकलायची, विहिरीचं खारं पाणी द्यायचं, बाकी झाडाले हात लावायचा नाही. लावला तर दुसरी बाई पाहू, हे प्लॉटाच्या साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

प्लॉटात मोरसची झुडपं होती. समुद्राकाठची, मिठात जगणारी, बारीक रसदार पानांची. अकोल्याची रश्मी त्यांच्यावर अभ्यास करत होती. दर सोमवारी एसटीनं यायची. एका ओळीवर सकाळी दहापर्यंत सावलीसाठी हिरवी जाळी, दुसरी ओळ उघडी.

जानेवारीत थंडीनं हाडं गोठवली. वर आभाळ निरभ्र, उगवल्या उगवल्या ऊन डोळ्यात घुसे. तिसऱ्या सकाळी दुर्गाबाई पाहते तर उघडी ओळ लाल. चाळीस वर्सं कापसात गेलेली बाई. पान लाल म्हणजे कापसावरचा लाल्या रोग, दुसरं काय? रोग काही सोमवारची वाट पाहत नाही. घरून कापसाचं उरलेलं मॅग्नेशियम आणलं, पंप पाठीवर घेतला अन् फवारत निघाली. टोकाशी पोचायच्या आधीच पंप रिकामा झाला. पुन्हा भरायचा तर पाठ नाही म्हणे. "मरू दे," म्हणून ती धुऱ्यावर बसली.

सोमवारी रश्मीनं पानावरची पांढरी भुकटी बोटानं पुसली.

"मावशी, काय मारलं हे?"

"मॅग्नेशियम. लाल्या आला होता ना."

"रोग नोता तो. थंडीत पानाचं काम मंदावते, ऊन तं तसंच पडते. पचत नाई ते. मंग पान लाल होऊन ऊन अडवते. हेच पाहाले तं मी येऊन राहिली."

"पदर घेते म्हन ना डोक्यावर."

"तसंच."

"मंग मले कावून नाई सांगितलं? हात लावू नको म्हने साहेब. लाल झालं तं भिऊ नको, हे कोन सांगन?"

"साहेबाले सांगाच लागन, मावशी."

"सांग. मी आता कुठं जाऊ, हेही त्यालेच इचार." जरा थांबून तिनं हात दाखवला. "तिकडच्या टोकाले नाई मारलं."

"कावून?"

"थकली होती."

रश्मीनं जाऊन मोजली. एकोणीस झाडं, लालभडक, कोरी. फवारलेली बाद केली तरी एकोणिसांत भागणार होतं. ती परत आली.

"साहेबाले सांगीन, फवारलं ते बाद. पन दुसरी बाई आनसान, तं तीही कापसातलीच येईन. लाल दिसलं की तिचेही हात शिवशिवतीन. मावशीले निदान आता कळलं."

दुसऱ्या सकाळी उन्हाकडं पाठ करून, डोक्यावर पदर ओढून दुर्गाबाई त्या एकोणिसांपाशी बसली. झाडं आणखी लाल झाली होती. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.