सूर तेच, खुंटा दुसरा

गोठ्यावरून जाताना भिजवलेल्या पेंडीचा उबदार वास आला, की मला जनावरांआधी बाजाची पेटी आठवते. मी जनावरांचा व्यापारी. राहुरीपासून पारनेरपर्यंतचे बाजार पायी तुडवत उभा राहिलो. पेटीही तशीच, कुणाच्या पाया न पडता, ऐकून ऐकून शिकलो. गावच्या शाळेची पेटी तर मीच घासाघीस करून आणली होती. तरी नगरहून येणारे गाण्याचे मास्तर मुलांदेखत मला म्हणाले, "तुम्ही बैलांचे दात बघा, पेटी राहू द्या." तो राग मी आजतागायत खाली ठेवलेला नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. संमेलनात मुलं लागोपाठ दोन चाली म्हणणार होती, दोन्ही फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरच्या. पहिलीचा सा पांढरी एक, चाल हसरी. दुसरीचा सा पांढरी सहा, चाल उदास. मास्तरांच्या भाषेत एक मेजर आणि दुसरी तिच्याच नात्यातली मायनर. पण दुसरी चाल संपवताना मुलं हमखास पहिलीच्या सा वर जाऊन बसत. मास्तर वैतागले, "दुसरी गाळून टाका." मी तडकलो. "गाळायची नाही. मी बसवतो."

पट्ट्या दाखवल्या, घसा फोडला, उपयोग शून्य. शेवटी ओरडलो, "अरे, सूर तेच! नुसतं घर बदललंय!"

वर्गातल्या एका मुलीची गाय त्याच उन्हाळ्यात, घरात कडब्याची काडी उरली नाही म्हणून, मी विकून दिली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्या गायीवानी. वाट तीच, वढा तोच. पर सांजंला ती आता दुसऱ्याच्या खुंट्याला बसती."

"व्हय. आन सवयीनं जुन्या दाराशी आली तर?" मी विचारलं.

"तुमी हाय की काठी घिऊन!" ती फणकारली, आणि सगळा वर्ग खदखदून हसला.

हसता हसताच ते त्यांच्या गळ्यात उतरलं असावं. संमेलनात दुसऱ्या चालीची शेवटची ओळ आली. सूर जुन्या दाराकडे झुकले. पेटीवर मीच होतो, भाता ओढत राहिलो. आणि सगळी मुलं एकदम वळून पांढऱ्या सहावर येऊन ठेपली. मी पेटी थांबवली. त्यांचा सूर तसूभर हलला नाही. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

हार मास्तरांच्या गळ्यात पडला, हे मी विसरणार नाही. पण तो हार दुसऱ्याच दिवशी सुकला असेल. कडब्याविना रिकामी झालेली जनावरांची दावणही बहुतेक घरांत पुन्हा भरली नाही. मला आठवतात ती मुलं: ज्यांच्या घरातून त्या वर्षी कितीतरी काही गेलं होतं, आणि जी ती उदास चाल ताठ मानेनं, अगदी घरी पोचल्यासारखी गायली.