अंग ठणकवणारी डॉक्टरीण

अर्धं नेर गाव डॉक्टर दीपमाला राठोडच्या हाताखाली झोपून उठलं, पण रस्त्यात कोणी तिला रामराम घालील तर शपथ! भूल देणारीचं नशीबच तसं. पेढे पोट चिरणाऱ्या सर्जनला, नारळ देवाला, अन् हिला काय? 'ताई, जरा बाजूला सरका.' टोपी अन् मास्कमधले दोन डोळे, एवढीच तिची ओळख. एकानं तरी उठून आपल्याला ओळखावं, एवढंच तिला वाटायचं. घरी बोलायला एकटा कुकर, तोही शिट्ट्यांत बोलणारा.

श्वासाची नळी घशात घालायची तर आधी अंग सैल पाडावं लागतं. त्यासाठी तिच्याकडे औषधं दोन. रोक्युरोनियम म्हणजे घरंदाज पाव्हणा. सावकाश येतो, बसला की लवकर उठत नाही, पण मागं तक्रार ठेवत नाही. सक्सिनिलकोलीन म्हणजे उधळलेला गोऱ्हा. क्षणात येतो, तसाच पसार, अन् अंग असं थरथरवतो की दुसऱ्या दिवशी माणूस ठणकत बसतो. दीपमालाचा जीव पाव्हण्यावर. दुखवायचं कायले?

एक दिवस इंदूबाई टेबलावर आली, अपेंडिक्स फुटायच्या बेतात.

"मावशी, काही खाल्लं?"

"नाही वं माय."

"बरं. पोहे होते का आलूबोंडा?"

"आलूबोंडा," इंदूबाई पुटपुटली. "उपाशी पोटी चिरफाड कशी सोसंन, म्हनून बहिणीनं चारला."

आता झाली का पंचाईत! भरल्या पोटी नळीला उशीर झाला, तर पोटातलं वर येऊन छातीत उतरायचं. थांबायलाही सवड नव्हती. दीपमालानं गोऱ्हाच सोडला. इंदूबाईचे गाल, खांदे, पोटऱ्या थरथरल्या अन् निवल्या. नळी बसली. पुढचं सर्जननं केलं, पेढेही त्यालाच मिळाले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून जाताना मागून हाक आली.

"आलूबोंडा विचारणारी तूच ना वं? आवाज वळखला मी!"

दीपमाला जागीच थबकली.

"टाक्याचं सोड, पन सारं अंग मुसळानं कुटल्यावानी झालं. काय केलं वं तू मले? अन् हासून काहून राह्यली?"

दीपमालानं स्टूल ओढलं. औषधाचं समजावलं, खांद्यावरून हात फिरवला. इंदूबाई तिला शिव्या देता देता लेकीच्या सासरच्यांवर घसरली. पुढच्या ऑपरेशनचा निरोप आला, तरी दीपमालाचा पाय निघेना.

"उद्या दुखलं तं तुलेच बोलावतो, पाह्य!"

"बोलवा न, मावशी."

हे दुखणं एक-दोन दिवसांत आपसूक जातं, एवढं सांगायचं मात्र डॉक्टरीणबाई विसरल्या. विसरल्या म्हणे!