दारापर्यंतचा सिनेमा

मला इंग्रजी वाचायला शिकवलं ते सणसवाडीच्या आमच्या घरमालकीण काकूंनी. त्यांना स्वतःला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढं माझी चूक येणार आहे, आणि चूक ऐकली की उपकार ऐकायला कुणी थांबत नाही.

दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, दुपारची भांडी झाली की काकू लॅपटॉप पदरानं पुसायच्या आणि हाक मारायच्या. "ये गं. दारापाशी आलं की उठू."

लॅपटॉप त्यांच्या मुलीचा. त्यात एक जुना जपानी कार्टून सिनेमा होता, ॲनिमे म्हणतात तसला. ज्या मांगा चित्रकथेवरून तो काढला, तिचे सगळे भाग मुलीनं मोबाईलवर वाचले होते. बुडालेल्या शहरात एक पोरगी होडी वल्हवत हरवलेल्या भावाला शोधते, अशी गोष्ट. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं.

मुलीनं तो आईला एकदाच दाखवला, ओळ न् ओळ मराठीत सांगत. होडीतली पोरगी एका बंद दाराशी पोचते, कडीला हात घालते, आणि तेवढ्यात मुलीला मैत्रिणीचा फोन आला. शिरूरच्या कॉलेजात फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. पुढचं आल्यावर सांगते, तू बघू नको, म्हणून ती स्कूटीवरून गेली. हायवेला ट्रेलर आडवा आला. ती परत आली नाही.

आपण कुठवर बघितलं ते लॅपटॉप लक्षात ठेवतो. सिनेमा उघडला की आधी तीच जागा दाखवतो. म्हणून काकूंचा नियम होता. पहिल्यापासून बघायचं, दाराशी थांबवायचं, तिथंच बंद करायचं. मध्ये उठायचं नाही, पुढं जायचं नाही. चार वर्षं त्यांचं असंच चाललं होतं. बसताना शेजारी एका माणसाची जागा सोडायच्या. मी चुकून तिकडं सरकले तर नुसत्या बघायच्या.

मी वाशीमकडची, नववीतून शाळा सोडलेली. कंपनीत हेल्पर होते. मशिन अडलं की त्याच्या पडद्यावर इंग्रजीत कारण येतं. परीक्षा घेऊन, ते जिला वाचता येईल तिला ऑपरेटर करणार, बाकीच्यांना सात महिन्यांचं कंत्राट संपलं की घरी पाठवणार. घरी गेले असते तर महिन्याभरात लग्न लावून दिलं असतं. भीतीनं माझा डबा तसाच परत यायचा. काकूंनी एक दिवस तो उघडून बघितला आणि कारण विचारलं. त्याच गुरुवारी मला लॅपटॉपसमोर बसवलं.

त्यांना ओळींचा अर्थ पाठ होता, मला अक्षरं ओळखता येत होती. त्या सिनेमा थांबवायच्या, मी अक्षरं जुळवायची, मग त्या अर्थ सांगायच्या, मुलीनं सांगितला तसाच. होडीवाला म्हातारा ‘रिटर्न’ म्हणाला की काकू म्हणायच्या, "माघारी फिर, भवाने." पुढं मशिनवर ‘रिटर्न’ दिसलं की माझ्या कानात ‘भवाने’ वाजायचं आणि मी हसू दाबत असताना सुपरवायझर संशयानं बघायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकू भाच्याच्या साखरपुड्याला खुटबावला, माहेरी गेल्या होत्या. सराव कर म्हणून किल्ली देऊन गेल्या. मी बसले. सगळं वाचता येत होतं. दार आलं. थांबवायला बोट पुढं केलं आणि तसंच ठेवलं. तुमच्यातल्या कुणी थांबवलं असतं का, मला माहीत नाही. मी शेवटपर्यंत बघितलं. शेजारची मोकळी जागा त्या दिवशी मला फार मोठी वाटली. तिकडं मान वळवायचा धीर झाला नाही.

संपल्यावर लॅपटॉप दार विसरला. मी सिनेमा हातानं मागं ओढला, दार दिसलं तिथं थांबवून बंद केला.

परीक्षा पास झाले. पेढे दिले. गुरुवारी काकूंनी झाकण उघडलं आणि पडद्याकडं बघत राहिल्या.

"पाणी उंबऱ्याच्या खाली व्हतं," त्या म्हणाल्या. "आता वर आलंय."

मला रडू फुटलं. खोली सोडायला सांगतील असं वाटलं.

"समदं वाचता आलं का?"

"हो."

"कुणी न सांगता?"

"हो काकू. सांगू का तुम्हाला?"

त्यांनी झाकण हळूच मिटलं. "तिच्याकडनं ऐकायचं व्हतं. आता तुझ्याकडनं ऐकावं लागंल. पण आज न्हाई. माझा जीव धजंल तवा 'सांग' म्हनीन."

नंतर आम्ही सिनेमा लावला नाही. दिवाळीनंतर त्यांचा भाऊ त्यांना कायमचं खुटबावला घेऊन गेला. लॅपटॉप मुलीच्या ओढणीत बांधून त्या गाडीत मांडीवर घेऊन बसल्या. त्यांच्या खोलीत आता दुसरं कुटुंब आलंय. गुरुवारी दुपारी भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज आला की माझ्या हातातलं काम थांबतं.

मी फोन करते. त्या मशिनची चौकशी करतात, जेवलीस का विचारतात. सिनेमाचं काढत नाहीत, मीही काढत नाही. दाराच्या पलीकडं काय आहे ते मी आठवून आठवून वहीत मराठीत उतरवून ठेवलंय, ओळ न् ओळ, मुलीनं सांगितलं असतं तसं. शेवट सोपा नाही. दोनदा बदलावासा वाटला, बदलला नाही.

काकू ज्या दिवशी ‘सांग’ म्हणतील, त्या दिवशी रजा टाकून खुटबावला जाईन आणि त्यांच्याजवळ बसून सगळं सांगीन. मधेच उठणार नाही.