गाडी लागते

कुणी ‘मला गाडी लागते’ म्हटलं की लोक हसतात, हातात लिंबू देतात, आवळासुपारी पुढे करतात. मी आधी सगळ्या काचा खाली करतो, मग मागे जाऊन डिकी तपासतो. घरातले म्हणतात, म्हातारा चळला. म्हणू देत. माझी एकुलती एक लेक मी माझ्याच हातांनी, मोठ्या हौसेने, रबर लावून मारायला निघालो होतो. ते हात अजून माझ्यापाशीच आहेत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहायचो. माणिकपूरला जहाजावर नोकरी केलेले एक गृहस्थ होते. त्यांनी कधीकाळी बाहेरून आणलेली दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार त्यांच्या वाडीत झावळ्यांखाली पडून होती. ते वारले आणि घरच्यांना ती अडगळ झाली. मी ती घरी आणली. बायको म्हणाली, “आधी तो पंखा दुरुस्त करा, रात्रभर कुरकुरतो.” मी ऐकतोय कसला!

इंजिन ठणठणीत होतं. पण दारांभोवतीचं रबर, ज्याला सगळे बीडिंग म्हणतात, ते वाळून पापड झालं होतं. बोट लावलं की तुकडा हातात. त्यात त्या वर्षी आमच्याकडचे सगळे रस्ते खणून ठेवलेले. वसईला पोचेपर्यंत दारांच्या फटींतून इतकी धूळ आत यायची की उतरताना आम्ही तिघं गिरणीतून आल्यासारखे दिसायचो. शेजारी खवचटपणे विचारायचे, “काय, दळण झालं का?” माझं डोकं फिरायचं.

माणिकपूरला एक बीडिंगवाला होता, फुटावर रबर कापून द्यायचा. त्याने गाडीला एक चक्कर मारली, डिकीचं झाकण उचललं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “साहेब, डिकीचं पण टाकून घ्या. हे पण गेलंय. पुढून सगळं बंद केलंत तर गाडी मागून हवा खेचणार.”

“मागून खेचायला गाडी आहे की हुक्का?” मी म्हटलं. “आणि डिकीत बसतंय कोण? स्टेपनीला काय थंडी वाजणारे?”

तो हसला नाही. “मी सांगायचं काम केलं,” म्हणाला आणि दारांपुरतं रबर गुंडाळून दिलं. धंदा वाढवतोय लेकाचा, असं मी मनात म्हटलं.

चार शनिवार गेले त्या कामात. जुना चिकटा ब्लेडने खरवडायचा, रॉकेलच्या फडक्याने पत्रा पुसायचा, सोल्युशन लावून जरा सुकू द्यायचं, मग कोपऱ्यापासून रबर दाबत जायचं. ताणायचं नाही, ताणलं की पुढे आखडतं. वरून लेकीची पावडर चोळायची, म्हणजे दार चिकटत नाही. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. ती पावडरचा डबा हातात धरून उभी राहायची आणि मी मागितल्याशिवाय द्यायची नाही. शेवटी मी वर्तमानपत्राची एक पट्टी दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. पट्टी फाटली, पण निघाली नाही. असं सगळीकडे करून पाहिलं. काचांनाही नवी पट्टी बसवली. डिकीत मात्र कागदाची पट्टी धरून पाहिली नाही.

बायकोचं माहेर वसईत, होळी गावाच्या पुढे. सासऱ्यांची थोडी भातशेती आणि केळीची वाडी. दर रविवारी आम्ही तिकडे जायचो. आता काचा वर, बाहेर धुळीचे लोट, आणि आत कण नाही! दार लावलं की ‘धप्प’ असा गुबगुबीत आवाज यायचा. मी लोकांना मुद्दाम दार लावून दाखवायचो. लेक मागच्या इवल्याशा सीटवर बसायची आणि पाचच मिनिटांत झोपायची. “पाळणा आहे पाळणा,” मी सांगायचो. त्या सीटमागे पुठ्ठ्याचा एक पडदा, आणि त्यामागे डिकी.

बायकोचं डोकं मात्र दुसऱ्याच रविवारपासून दुखायला लागलं. मळमळायचं, उतरल्यावर तासभर तोंड उतरलेलं असायचं. सासूबाई म्हणाल्या, पित्त झालंय. कोकमाचं सरबत झालं, आल्याचा रस झाला. मी निदान करून टाकलं, “तुला गाडी लागते.”

“मला?” ती भडकली. “केळीच्या घडांवर बसून टेम्पोतून बाजाराला जायचे मी. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट चढलेय. मला गाडी लागत नाही. मला ही गाडी लागते. धुराचा वास येतो हिच्यात.”

“सोल्युशनचा वास आहे तो. नवीन आहे, उडून जाईल.”

“दोन महिने झाले!”

तिचं ते ‘ही गाडी लागते’ मी चेष्टेवारी नेलं. पाहुण्यांना रंगवून सांगायचो, स्पोर्ट्स कार लागणारी बायको फक्त आमच्याकडेच! सगळे हसायचे. तीही हळूहळू बोलेनाशी झाली. रविवारी मुकाट्याने लिंबू घेऊन बसायची.

त्या रविवारी वाटेत रस्ता पुन्हा खणलेला होता. समोर डंपर आडवा, मागे रिक्षांची रांग. अर्धा तास आम्ही इंजिन चालू ठेवून तिथेच अडकून होतो. बायको म्हणाली, “काच उघडू का?” मी म्हटलं, “धूळ येईल. जरा दम धर की.” मलाही जांभया येत होत्या. आरशात लेक दिसत होती, झोपलेली, तोंड किंचित उघडं. वाटलं, किती गाढ झोपलीय.

सासऱ्यांच्या अंगणात गाडी थांबते न थांबते तोच बायको दार उघडून बाहेर पडली आणि कुंपणाशी बसून ओकली. सासूबाई हसत पुढे आल्या, “तुला गं कधीपासून गाडी लागायला लागली?” मीही हसलो. मग पुढची सीट वाकवून लेकीला हाक मारली. पुन्हा मारली. उचलली तर मान मागे गेली, तशीच लोंबत राहिली.

सासऱ्यांनी तिला माझ्या हातांतून ओढून घेतलं आणि केळीखाली वाऱ्यावर ठेवलं. “पानी! पानी आणा!” ते ओरडत होते. ती कण्हली, पण डोळे उघडेनात. मी तिला गाडीकडे नेऊ लागलो, तशी बायको आडवी आली. “ह्या गाडीत नाही. हिच्यात पुन्हा घालायची नाही माझी पोर.” मग वाडीचा टेम्पो काढला. उघड्या हौद्यात, भाजीच्या रिकाम्या पाट्यांमध्ये, पोरीला मांडीवर घेऊन ती बसली. मी दांडा धरून उभा राहिलो. देवा, माझं काय ते घे, एवढंच म्हणत होतो.

दवाखान्यात लेकीच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. कशातून आलात, किती वेळ, कुठे बसली होती. मग म्हणाले, “गाडीत बाहेरचा धूर येत होता का?”

“छे हो,” मी म्हणालो. सवयीने म्हणालो, अभिमानाने म्हणालो. “धुळीचा कणसुद्धा येत नाही. सगळं बंद केलंय मी.”

“मग आत आलेलं बाहेर तरी कुठून जाणार?” ते शांतपणे म्हणाले. “सायलेन्सर बघून घ्या. आणि डिकी.”

मी भिंतीला टेकून खाली बसलो. दारांना फटी होत्या तोवर डिकीतून धूर आला तरी निघून जात होता. त्या फटी चार शनिवार खपून मी बुजवल्या होत्या.

दोनेक तासांनी लेकीने डोळे उघडले. नर्सने मास्क जरा बाजूला केला. तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ वाकडे केले, जणू तिचंच काही चुकलंय.

“बाबा,” ती म्हणाली, “मला पण गाडी लागली.”

बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही तोंड सोडेल. सोडलं असतं तर बरं झालं असतं.