प्रकाशदादांनी न दिलेला शब्द

गेल्या महिन्यात शहापूरहून वहिनींचा फोन आला. "तुझे दादा गेले गो..." एवढंच बोलल्या.

प्रकाशदादा आमच्या सर्वेक्षणाच्या तुकडीत तंत्रज्ञ होते. शेतात हातभर खड्डे खणून इलेक्ट्रोड पुरायचे, शेजारी चुंबकीय कॉइल गाडायच्या आणि पृथ्वीच्या पोटात आपसूक वाहणारी वीज दिवसभर नोंदवायची. त्यावरून कित्येक किलोमीटर खोलवरचा खडक कसा आहे ते कळतं. मी तेव्हा नवी होते. "झाडाच्या मुळाजवळ कॉइल पुरू नको, वाऱ्यानं मूळ हललं की नोंद वाया," हे त्यांनीच शिकवलं.

एकदा मुरबाडकडच्या एका पाड्यावर लोकांनी आम्हा दोघांना शाळेच्या खोलीत कोंडलं. यंत्रं आली म्हणजे जमीन जाणार, असा त्यांचा समज. खिडकीच्या गजांपलीकडून एक म्हातारी विचारत होती, "करंट सोडता ना जमिनीत?"

"नाय आजी. हाय तोच मोजतो आमी."

"मंग आमची जमीन जानार नाय ना? शबूद दे."

मी कुजबुजले, "जाणार नाही म्हणा ना, दादा! सोडतील आपल्याला."

"कागद वर गेल्यावर काय करतील, मला काय ठावं? माझ्या आज्यालाबी कुणीतरी असाच शब्द दिला व्हता." त्यांच्या आज्याची भातखाचरं भातसा धरणाच्या पाण्याखाली गेली होती.

उन्हं कलेपर्यंत आम्ही आत होतो. शेवटी म्हातारीनेच कडी काढली. "खोटा बोलला नाय तो. जाऊ द्या." दादांनी इलेक्ट्रोड उपटले, खड्डे बुजवले, त्या जागेची नोंद झालीच नाही.

"जमीन जाणार नाही, एवढं सांगायला काय झालं होतं?" ऑफिसात परतल्यावर साहेब दादांवर कडाडले. मी मान खाली घातली. दादांची बाजू घेतली असती तर पुढच्या मोहिमेतून माझंही नाव गेलं असतं. दादांना भांडारात बसवलं. बिनखिडकीची खोली, निवृत्तीपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत मी जायचे, ते केबल गुंडाळत बसलेले असायचे. माफी दर वेळी ओठांवर यायची... आणि मी चहाचं विचारायचे.

परवा त्यांच्या घरी गेले. ओटीवर खाट होती. निवृत्तीनंतर दादा थंडीतही तिथेच झोपायचे. आत जीव घुसमटतो म्हणायचे.

"वहिनी, माझ्यावर राग होता का त्यांचा?"

"तुझ्यावर? नाय गो. म्हनायचे, पोर नवी होती, घाबरली."

राग असता तर सोसला असता. वहिनी चहाला आत बोलावत होत्या. मी खाटेच्या कडेला बसून राहिले. मला आत जाववेना.