जुनं काढण्याआधी

मी सेटअप करणारी बाई. म्हणजे सीडी घातल्यावर 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सॉफ्टवेअर आपोआप बसतं, ते बसवणारा प्रोग्राम लिहिणारी. राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करायचो. अक्षरं घडवायची हौस सगळ्यांना. सेटअप म्हणजे त्यांच्या लेखी खोक्याला चिकटपट्टी लावायचं काम. मला मात्र ते मनापासून आवडायचं, आणि त्यात माझा हात धरणारं तेव्हा कोल्हापुरात कुणी नव्हतं, हे मी आजही बिनदिक्कत सांगते.

एकदा नवी आवृत्ती तयार झाली. बाकीचे पेढे आणायच्या गोष्टी करत होते, तेव्हा मी जुनी आवृत्ती असलेल्या मशीनवर नवी बसवून बघितली. बसली झकास. पण जुन्यात मी मुद्दाम माझ्या सोयीनं बदललेला कीबोर्ड, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ही मांडणी, गायब!

कारण लगेच सापडलं. सॉफ्टवेअर काढताना मागचा सगळा पसारा पुसायचा, अशी एक जादा क्रिया जुन्या सेटअपमध्ये होती. गिऱ्हाईक स्वतः काढत असेल तर ठीकच. पण नवी आवृत्ती बसायच्या आधी जुनीला काढते, आणि तेव्हाही ती क्रिया झाडू घेऊन सुटायची. कोण काढतंय आणि कशासाठी, हे बघायची अटच तिला घातलेली नव्हती. ती लिहिणारा गडी केव्हाच पुण्याला पळालेला.

साहेब म्हणाले, "कीबोर्ड बदलतंय कोण गं? आणि बदललाच असंल तर परत लावून घेतील की."

माझं डोकंच फिरलं. कुरुंदवाडचे एक छापखानेवाले मला माहीत होते. त्यांना शिकवायला मीच गेले होते. छपाईच्या ट्रेडल मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. एकट्या डाव्या हाताला पोचतील अशी सगळी अक्षरं त्यांनी बटणांवर हलवून बसवली होती, चुकत, पुसत, मशीनला शिव्या घालत. आता लग्नपत्रिका ते न बघता टाइप करायचे. तो कीबोर्ड पुसला गेला असता, तर ऐन लग्नसराईत त्यांचं पोट बंद.

"म्हणजे त्यांचा उरलेला हातही आपणच काढून घ्यायचा?" मी विचारलं. साहेबांनी नवी सीडी बाहेर पाठवणं थांबवलं.

अडचण अशी, की चूक जुन्या सीडीत होती आणि ती गावोगावच्या मशीनवर बसलेली. ती बदलणं माझ्या हातात नव्हतं. मग मी क्रियांच्या वेळा बांधल्या. नव्या सेटअपनं आत शिरल्याबरोबर, जुनीला हात लावायच्या आधी, कीबोर्डची फाइल उचलून बाजूला ठेवायची. जुनी आपली साफसफाई करून गेली, नवी बसली, की फाइल परत जागेवर. घर रंगवायच्या आधी फोटो उतरवून शेजारी ठेवतात आणि मग त्याच खिळ्याला लावतात, तसं. मशीन कोरं असेल, म्हणजे जुनी आवृत्तीच नसेल, तर यातलं काहीच चालवायचं नाही. आणि नव्या आवृत्तीच्या साफसफाईला मी अट घातली: गिऱ्हाईक स्वतः काढत असेल तरच.

पहिली सीडी घेऊन एस.टी.नं मीच कुरुंदवाडला गेले. सेटअप कुठवर आलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी भरत होती तसा माझा जीव टांगणीला लागला होता. ती भरली. छापखानेवाल्यांनी डावा हात बटणांवर ठेवला आणि माझ्याकडे बघतच नवरीचं नाव टाइप केलं. नाव अचूक उमटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी खिडकीकडे वळले.

ते मात्र नाराज. "मॅडम, सगळं हुतं तसंच हाय की! मग एवढ्या लांबनं आलासा कशाला?" चहा पाजला, पण कुरकुर थांबेना.

मी परत पोचायच्या आत त्यांनी साहेबांना फोनही लावला होता: बाईंनी येऊन काय केलंच न्हाय.

साहेबांनी हसत विचारलं, "काय केलंस गं तिथं?"

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि ताठ मानेनं माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.